सिव्हिलमधून एआयकडे: राज रेड्डी

सिव्हिल-मेकॅनिकल करून एआयमध्ये (कृत्रिम बुद्धिमत्तेत) प्राध्यापक होता येईल का, असं एका मुलाने इथे विचारलंय. त्यावर, अशा मुलांनी ती स्वप्नं पाहू नयेत, असं एकाने लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही. एआयमधले नामवंत संशोधक राज रेड्डी यांचा प्रवास बघा. 1958 साली मद्रासच्या गिंडी कॉलेजातून ते सिव्हिल इंजिनियर झाले. पुढे ऑस्ट्रेलियात एम.टेक. आणि नोकरी, मग अमेरिकेत स्टॅनफर्डला, एआयचे एक जनक जॉन मॅकार्थी यांच्या हाताखाली 1966 मध्ये पीएच.डी. 1969 पासून तिथल्याच कार्नेगी मेलन विद्यापीठात प्राध्यापकी.

पदं-पारितोषिकं भरपूर आहेत (1994 चं ट्युरिंग, म्हणजे संगणकशास्त्रातलं सर्वोच्च पारितोषिकही त्यात आलं), पण मला मोठी वाटते ती त्यांची विद्यार्थी घडवण्याची रीत. यंत्राला बोलणं समजावं म्हणून त्यांच्या गटाने हिअरसे, हार्पी अशा प्रणाली बांधल्या. 1976 ची हार्पी हजारभर शब्द ओळखायची. पुढे काय-फू ली हा विद्यार्थी म्हणाला, तज्ज्ञांचे नियम यंत्रात भरत बसण्यापेक्षा मी संख्याशास्त्राच्या वाटेने जातो, म्हणजे बोलण्याच्या भरपूर नमुन्यांवरून यंत्रालाच शिकू देतो. रेड्डींना ते पटलं नव्हतं, तरी त्यांनी पाठबळ दिलं. त्यातून 1988 च्या सुमारास स्फिंक्स उभी राहिली: कुणीही बोलो, सलग बोलो, ती ओळखायची. आपल्याकडे गाइडला न पटणारी पद्धत घेऊन पीएच.डी. करायला किती जण धजावतील?

मूळ प्रश्न विचारणाऱ्या मुलाला एवढंच सांगतो: शाखेची काळजी सोड. संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि प्रोग्रामिंग पक्कं कर. गाइड निवडताना त्याचे पेपर किती हे नंतर बघ, त्याचे जुने विद्यार्थी आज काय करताहेत ते आधी विचार.