संजय गांधी निराधारचा अर्ज 'मुदतबाह्य' म्हणून परत, विम्याचा दावाही उशिरामुळे नाकारला. आता काय करायचं?

गोवंडीकर_ताई

शेजारच्या घरासाठी विचारतेय. मुलगा ३४ वर्षांचा, सेंट्रिंगच्या कामावर होता. ऑगस्ट २०२४ मध्ये परांचीवरून पडला, उजवा हात खांद्यापासून लुळा आहे. तारखा अशा:

जानेवारी २०२५: यूडीआयडीचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज
फेब्रुवारी २०२५: उत्पन्नाचा दाखला, ४८,००० रुपये
मे २०२५: यूडीआयडी मिळालं. ६५ टक्के, पिवळं कार्ड, पण 'तात्पुरते', मे २०२७ पर्यंत
मे अखेर: संजय गांधी निराधारचा अर्ज
जून: बँकेत २० रुपयेवाल्या सुरक्षा विम्याचा दावा
सप्टेंबर: निराधारचा अर्ज परत. शेरा 'उत्पन्न दाखला मुदतबाह्य, रहिवास पुरावा अपूर्ण'
ऑक्टोबर: विमा कंपनीचं पत्र, 'अपघात ३० दिवसांत कळवला नाही, दावा अमान्य'

उशीर यांनी केला नाही, कार्डच चार महिने अडकलं होतं. एक एजंट ३,००० मागतोय, म्हणतो सगळं बसवून देतो. द्यावेत का?

टपाल_खिडकी

एजंटला एक रुपया देऊ नका. तो तोच अर्ज त्याच खिडकीवर देईल, आणि तोवर मूळ कागद त्याच्या पिशवीत राहतील.

आधी शेरा नीट वाचा. अर्ज 'परत' आलाय, 'नामंजूर' झालेला नाही. परत म्हणजे छाननीतच त्रुटी निघाली, समितीपुढे गेलाच नाही. अशा वेळी अपील करत बसण्यात वेळ जातो; त्रुटी भरून पुन्हा दाखल करायचा. नामंजूर असता तर समितीच्या निर्णयाविरुद्ध भांडायला जागा होती. खिडकीवर दोन्हीला 'रिजेक्ट' म्हणतात, म्हणून लेखी शेरा हातात घेतल्याशिवाय हलू नये.

आता दाखला. त्याच्या तळाशी '३१ मार्च २०२५ पर्यंत वैध' असं छापलेलं असणार, बघा. उत्पन्नाचा दाखला काढल्यापासून वर्षभर चालतो असा बहुतेकांचा समज असतो. तो आर्थिक वर्षाला बांधलेला असतो. एप्रिलमध्ये काढला तर जवळपास वर्ष मिळतं, फेब्रुवारीत काढला तर जेमतेम महिना. यांचा दाखला अर्ज भरायच्या दोन महिने आधीच मेला होता.

कागद दोन जातींचे असतात, टिकणारे आणि नासणारे. यूडीआयडी, अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला हे टिकतात, ते आधी गोळा करायचे. उत्पन्नाचा दाखला म्हणजे पालेभाजी, सगळी तयारी झाल्यावर शेवटी आणायची. लोक नेमकं उलटं करतात, कारण उत्पन्नाचा दाखला सेतूत लवकर मिळतो आणि काहीतरी हातात आल्यासारखं वाटतं.

लवकर मिळत नसेल तर त्यालाही औषध आहे. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. ती उलटली की ३० दिवसांत 'आपले सरकार'वरच पहिलं अपील टाकता येतं. पुष्कळदा अपील टाकल्यावरच दाखला सुटतो.

रहिवासाची अट १५ वर्षांची आहे. 'अपूर्ण' म्हणजे त्यांना आजचा पुरावा मिळालाय, जुना नाही. आधार कार्ड आणि लाईट बिल यांनी फक्त 'आज इथे राहतो' एवढं कळतं. २०१० किंवा त्याआधीचा एक, मधला एक, आत्ताचा एक, असे तीन लावा. जुनं रेशन कार्ड, मतदार यादीचा उतारा, शाळेचा दाखला, झोपडीचा फोटोपास, काहीही चालतं. फोटोपास वडिलांच्या नावावर असेल तर बाप-लेकाचं नातं दाखवणारा कागद सोबत हवाच, नाहीतर तीच त्रुटी पुन्हा निघेल.

घाई एवढ्यासाठी की अनुदान मंजुरीपासून सुरू होतं, अर्जाच्या तारखेपासून नाही. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिना २,५०० झालेत. म्हणजे एकेक त्रुटी इतक्याला पडते.

गोवंडीकर_ताई

धन्यवाद दादा. दाखल्यावर खरंच ३१ मार्च आहे, कुणी बघितलंच नव्हतं. आता नवीन काढायचा तर बायकोने दोन घरची कामं धरलीत, महिना ५,५०० मिळतात. ते धरतील का?

टपाल_खिडकी

धरतील. कुटुंबाचं उत्पन्न मोजतात. बाकीच्यांसाठी वर्षाला २१,००० आणि दिव्यांगांसाठी ५०,००० अशी मर्यादा आहे. ५,५०० गुणिले १२ म्हणजे ६६,०००. खरा आकडा लिहिला तर अर्ज बसत नाही, आणि खोटा लिहून घ्या असं मी सांगणार नाही; चौकशीला येणारा माणूस पहिलं शेजाऱ्यांनाच विचारतो. मात्र दाखला मागच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर निघतो. बायकोने काम कधी धरलं ते बघा. मागच्या वर्षात दोन-तीन महिनेच झाले असतील तर त्या वर्षाचा खरा आकडा मर्यादेत बसू शकतो. पूर्ण वर्ष झालं असेल तर या योजनेच्या तारखांवर भांडून उपयोग नाही, पुढच्या दारावर जा.

मुंबईत ५०,००० ची मर्यादा म्हणजे चेष्टाच आहे, पण ती खिडकीवर बदलत नाही.

वॉर्ड_एम_पूर्व

पुढचं दार महापालिकेचं. धर्मवीर आनंद दिघे दिव्यांग अर्थसहाय्य योजना, २०२४ पासून पाच वर्षांसाठी. ४० ते ८० टक्के, म्हणजे पिवळं कार्ड असेल तर महिना १,०००, सहा महिन्यांचे ६,००० एकदम. निळं कार्ड, ८० च्या वर, असेल तर महिना ३,०००. वय १८ च्या वर हवं, मुंबईचा रहिवास हवा. अर्ज वॉर्ड ऑफिसात समाज विकास अधिकाऱ्याकडे. लोक तहसीलदाराकडे जाऊन विचारतात आणि 'असं काही नाही' ऐकून घरी येतात. त्यांच्याकडे नाहीच आहे ते.

अस्थी_विभाग

सगळे तारखांवर बोलतायत. मला काळजी वाटते ती कार्डावरच्या 'तात्पुरते' या शब्दाची.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत एका हाताचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला तर १ लाख मिळतात. 'कायमचा' हीच अट आहे. उद्या उशिराचा मुद्दा तुम्ही जिंकलात तरी कंपनी दुसरं पत्र काढेल की प्रमाणपत्र तात्पुरतं आहे, हात सुधारू शकतो, म्हणून दावा बसत नाही.

अपघातानंतर पाच-सहा महिन्यांत तपासलं तर डॉक्टर तात्पुरतं प्रमाणपत्रच देणार, आणि ते बरोबरच आहे. खांद्यातून हातात जाणाऱ्या नसांच्या जाळ्याला मार लागला असेल तर काही ताकद परत येऊ शकते. पण दीड-दोन वर्षं स्नायूला नसेचा निरोप मिळाला नाही की तो वाळतो, त्यानंतर आशा फारशी उरत नाही. ऑगस्ट २०२४ चा अपघात म्हणजे ती वेळ आता आलीय. मे २०२७ ची वाट बघू नका. नसांची तपासणी, म्हणजे ईएमजी आणि एनसीव्ही, पुन्हा करून घ्या, जुना रिपोर्ट सोबत ठेवा, आणि यूडीआयडी पोर्टलवर फेरतपासणीचा अर्ज टाका. डॉक्टरांकडून एक ओळ लेखी घ्या: 'सुधारणा अपेक्षित नाही'. नुसतं तोंडी सांगितलेलं पुढे चालत नाही.

पोर्टलवर हॉस्पिटल निवडताना सांभाळा. गोवंडी उपनगर जिल्ह्यात येते, सायन शहर जिल्ह्यात. राहत्या जिल्ह्यातलं किंवा जिथे उपचार झाले ते सरकारी हॉस्पिटल निवडता येतं. निवडलं एक आणि कागद घेऊन गेलात दुसरीकडे, की अर्ज पहिल्याच्या यादीत पडून राहतो आणि दुसरीकडे 'तुमचं नाव नाही' म्हणतात. जानेवारी ते मे हे चार महिने असे गेले असायची शक्यता बरीच आहे. ऑक्टोबर २०२४ च्या सुधारित नियमांत प्रमाणपत्राला तीन महिन्यांची मुदत आहे. बोलावल्यावर गेला नाहीत आणि दोन वर्षं उलटली तर अर्ज निष्क्रिय होतो, सगळं पहिल्यापासून.

दावा_विभाग

विम्याकडे वळतो. उशिराचं कारण कंपनीने लिहिलंय, पण ते पुरेसं नाही.

विमा नियामकाचं २० सप्टेंबर २०११ चं परिपत्रक आहे: निव्वळ उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारू नये, उशिराचं कारण तपासावं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहनचोरीच्या एका दाव्यात हेच म्हटलं, उशिराचं समाधानकारक कारण असेल तर यांत्रिकपणे दावा फेटाळू नये. हे दोन्ही तक्रारीत लिहा. पण कारण कागदाने दाखवावं लागतं. 'माहीत नव्हतं' हे कारण दुबळं. दाखल होण्याची आणि घरी सोडल्याची तारीख, शस्त्रक्रियांच्या तारखा, यूडीआयडीच्या अर्जाची पावती, कार्डाची तारीख, असा तक्ता एका पानावर करा. अपंगत्वाचा दाखला हाती येईपर्यंत अपंगत्वाचा दावा भरताच येत नव्हता, हा तुमचा मुख्य मुद्दा.

क्रम असा. पहिली लेखी तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं, म्हणजे तुमचा शेवट ऑक्टोबर २०२६. वरचं 'कायमस्वरूपी' प्रमाणपत्र तोपर्यंत हातात हवं, म्हणून दोन्ही कामं एकाच आठवड्यात सुरू करा. लोकपालाकडे नसेल जायचं तर ग्राहक आयोगाला दोन वर्षं आहेत.

एक तपासा. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. मे-जून २०२४ मध्ये खात्यातून २० रुपये कापल्याची नोंद पासबुकात आहे ना? त्या वेळी शिल्लक नसेल तर कव्हरच नाही, आणि मग बाकीचं सगळं व्यर्थ. पोलिसांत तक्रार झाली होती का?

गोवंडीकर_ताई

२० रुपये कापलेत, ३१ मे २०२४ ची नोंद आहे. पोलिसांत तक्रार नाही. ठेकेदाराने 'खर्च मी बघतो' म्हणून नको सांगितलं, मग पहिलं बिल भरून गायब. पण हॉस्पिटलच्या कागदावर एमएलसी नंबर (पोलिसांना कळवायच्या केसचा) आहे.

दावा_विभाग

एमएलसी नंबर आहे म्हणजे हॉस्पिटलने पोलीस ठाण्याला कळवलंय. त्या ठाण्यात जाऊन स्टेशन डायरीतल्या नोंदीची प्रत मागा. नाही दिली तर माहिती अधिकारात अर्ज: १० रुपये, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत ही शब्दमर्यादा आहे, तीन पानी कहाणी लिहिली तर त्यावरच परत येतो.

आणि ठेकेदार! ताई, हे आधी सांगायला हवं होतं. निराधार आणि विमा दोन्हींपेक्षा मोठी रक्कम इथे आहे. अपघाताच्या वेळी कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ लागू होता. खांद्यातून हात तुटला तर त्याच्या अनुसूचीत कमाईची क्षमता ९० टक्के गेली असं धरतात, आणि अवयवाचा वापर कायमचा पूर्ण गेला तर तो तुटल्यासारखाच मोजतात. यूडीआयडीवरचे ६५ टक्के वेगळे, हे वेगळे. ठेकेदार सापडत नसेल तर ज्याचं बांधकाम होतं त्या मूळ मालकावरही जबाबदारी येऊ शकते.

मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे ऑगस्ट २०२६. नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, पण जुन्या अपघातासाठी जुन्याच मुदतीत जा, नवा वाद कशाला ओढवून घ्यायचा. सबळ कारण असेल तर उशीर माफ करायचा अधिकार आहे, पण त्यावर विसंबू नका. बांद्र्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अपंग व्यक्तींना, तसंच कामगारांना तिथे मोफत वकील मिळतो. साईटचं नाव, सोबतच्या दोन कामगारांचे नंबर आणि मजुरी मिळाल्याचा कुठलाही पुरावा न्या. ठेकेदाराने फोनवरून पैसे पाठवले असतील तर त्याची नोंद सोन्यासारखी.

टपाल_खिडकी

दावा_विभाग यांचं बरोबर, पहिला नंबर ठेकेदाराकडच्या भरपाईचा लावा.

निराधारचा अर्ज पुन्हा टाकलात तर दोन प्रती न्या, एकीवर आवक नंबर आणि तारखेसकट शिक्का घ्या. 'ठेवून जा, बघतो' म्हटलं तर ठेवू नका. आणि बँकेचं आधीच तपासा. आधार खात्याला जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे त्या खात्यात येणं वेगळं. पैसे ज्या बँकेशी आधारचं शेवटचं सीडिंग, म्हणजे सरकारी पैशांसाठीची जोडणी, झालं तिथे जातात, मग ते सिमकार्डासोबत कुणीतरी उघडून दिलेलं खातं का असेना. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, ओटीपी येतो, त्यासाठी आधारला चालू मोबाईल नंबर हवा.

गोवंडीकर_ताई

बघितलं. सीडिंग भलत्याच बँकेत आहे, त्यांना ते खातं आठवतही नाही. सोमवारी आधी विधी सेवा, मग बँक.