लक्षद्वीप: आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. जहाजानं जावं की विमानानं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आम्ही चौघं लक्षद्वीपला जायचं ठरवतोय. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि माझी आई. आई ७१ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिचे दोन्ही गुडघे बदलले. सपाट रस्त्यावर ती रोज दोन किलोमीटर आरामात चालते, कठडा धरून जिना चढते-उतरते. पण खाली बसणं, उंच पायरीवरून उतरणं, हलत्या जागेवर तोल सांभाळणं तिला जमत नाही. माझे बहुतेक प्रश्न इथेच येऊन अडतात, म्हणून हे आधी सांगितलं.

आई मालवणची. लहानपणी ओहोटीला किनाऱ्यावर मिळणारे पांढरे, भोकाभोकांचे दगड वेचून ती तुळशीपाशी मांडायची. ते प्रवाळांचे सांगाडे असतात हे तिला गेल्या वर्षी नातीकडून कळलं. लेकीच्या शाळेत प्रकल्प होता. इवल्याशा प्राण्यांची वसाहत, त्यांच्या अंगात राहणारं आणि त्यांना अन्न पुरवणारं शैवाल, असं सगळं तिनं आजीला चित्रं काढून समजावलं. आई म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षां हाडांच बघलंय." तेव्हापासून तिला जिवंत प्रवाळ बघायचे आहेत. (अंगठीतलं पोवळं वेगळं. तो लाल प्रवाळ मुख्यतः भूमध्य समुद्रातला, त्याची लक्षद्वीपसारखी प्रवाळबेटं होत नाहीत.)

मालवणलाच का नाही, हे कोणीतरी विचारणारच. तिथे प्रवाळ आहेत, १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे. मे महिन्यात आम्ही तिला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडीतून नेलं होतं. लेक पाण्यात उतरली, तिला दिसले. आई होडीतच बसून होती, आणि वरून तिला गढूळ हिरव्या पाण्यापलीकडे काही दिसलं नाही. लक्षद्वीपच्या बेटांवर नदीच नाही, त्यामुळे समुद्रात गाळ येत नाही आणि लगूनचा (प्रवाळाच्या कडेआतल्या उथळ पाण्याचा) तळ होडीतून दिसतो. म्हणूनच एवढ्या लांब जायचा घाट घातलाय.

आता मुख्य अडचण. आमचा पहिला विचार जहाजाचा होता. कोचीहून सुटणारी 'समुद्रम' सहल कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटं दाखवते. रात्री जहाजावर मुक्काम, दिवसा बेटावर. लेकीला मिनिकॉयचं १८८५ सालचं दीपगृह बघायचंय, तिथली महल भाषा ऐकायचीय. आईला बोट लागत नाही (मला लागते, पण ते मी बघून घेईन). मात्र मोठं जहाज प्रवाळाच्या कडेबाहेर खोल पाण्यात थांबतं आणि तिथून लहान होडीत उतरून बेटावर जावं लागतं, असं समजलं. लाटेवर होडी वरखाली होत असताना, खलाशांनी दंडाला धरून, नेमक्या क्षणी पाऊल टाकायचं. तीन बेटं म्हणजे जाता-येता असं सहा वेळा. तरण्याताठ्या माणसाला यात मजा वाटेल. आईचं काय?

ज्यांनी ज्येष्ठांना घेऊन ही सहल केली आहे त्यांनी कृपया अगदी बारकाईनं सांगा. जहाजाचं दार आणि होडी यांत किती अंतर असतं? शिडी असते की सरळ पाऊल टाकायचं? जानेवारीत कुठल्या बेटावर जहाज थेट धक्क्याला लागतं का? आणि आई एखाद्या बेटावर उतरलीच नाही, तर दिवसभर जहाजावर थांबू देतात का?

दुसरा पर्याय विमानाचा. कोचीहून अगत्तीला साधारण दीड तास. विमान लहान असतं आणि धावपट्टी बेटाच्या दक्षिण टोकाला, दोन्ही बाजूंना पाणी. तिथून बंगाराम, तिन्नकरा किंवा कदमतला जायचं तर पुन्हा होडी आलीच. म्हणून माझ्या मनात असं आलंय की कुठेही न हलता चारही दिवस अगत्तीतच राहावं. लगून बेटाच्या पश्चिमेला आहे, बाहेरच्या लाटा प्रवाळाच्या कडेवरच फुटतात, आत पाणी संथ. तिथे ग्लास बॉटम (काचेच्या तळाच्या) बोटीत बसायला पायऱ्यांचा धक्का आहे, की गुडघाभर पाण्यात चालत जाऊन वर चढावं लागतं? माझं अर्धं अधिक नियोजन या एका उत्तरावर अडलंय. होडीत आधाराला स्टूल ठेवण्याइतकी साधी सोय कोणी करून घेतली असेल तर तेही लिहा.

परवान्याबद्दल थोडं. प्रवेश परवाना आपल्यालाही लागतो आणि त्यासाठी पोलिसांचं पडताळणी प्रमाणपत्र जोडावं लागतं, एवढं माहीत आहे. गेल्या वर्षी एका एजंटकडे आगाऊ पैसे भरून बसलो. "परवाना येतोच आहे" असं तो निघायच्या आठवड्यापर्यंत सांगत राहिला आणि शेवटी काहीच आलं नाही. आईनं बॅग भरून ठेवली होती. ती परत रिकामी करताना ती काही बोलली नाही, त्याचं मला जास्त लागलं. या वेळी परवाना हातात आल्याशिवाय तिला तारीख सांगायची नाही असं ठरवलंय. तुम्हाला अर्जापासून परवाना मिळेपर्यंत किती दिवस लागले? लेकीचा अर्ज वेगळा करावा लागतो का?

आता ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे ते. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. पाणी वेळेत निवलं तर सावरतात, नाहीतर मरतात. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१० आणि २०१६ ला झालं, पुन्हा २०२४ च्या उन्हाळ्यातही झालं. एवढी धडपड करून आईला पुन्हा हाडंच दाखवायची नाहीत मला. गेल्या हंगामात अगत्ती किंवा कदमतला जाऊन आलेल्यांनी प्रामाणिकपणे सांगा, उथळ पाण्यात, होडीतून दिसेल अशा खोलीवर जिवंत, रंगीत प्रवाळ होते का? नसतील तर तेही स्पष्ट लिहा.

लेकीला स्कूबा करायचंय. दहा वर्षांपुढच्या मुलांना प्रशिक्षकासोबत करता येतं, म्हणजे वयात बसते. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचं नसतं, किमान १८ तास सोडावेत, म्हणून ते पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उरकू. प्रवाळांना अपाय नको म्हणून सनस्क्रीनऐवजी सगळ्यांना पूर्ण बाह्यांचे पोहायचे कपडे घेतलेत. प्रवाळाचा तुकडा उचलणं कायद्यानं गुन्हा आहे, हेही लेकीला सांगून झालंय.

तारखेबाबत आईचा एकच आग्रह: "अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळ, अष्टमीच्या आसपासचा भांग धर." भांग म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो ते दिवस. भांगाला ओढ कमी, पाणी नितळ. मालवणात हे खरंच आहे. लक्षद्वीपच्या लगूनमध्येही एवढा फरक पडतो का?

भर: दोघांनी अंदमान सुचवलंय, आभारी आहे. परवान्याची कटकट तिथे नाही हे खरं. पण वंडूरहून जॉली बॉय बेटावर गेलं तर तिथे धक्का नाही, मोठ्या बोटीतून लहान होडीत उतरावंच लागतं, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. हॅवलॉक किंवा नीलला धक्क्यावरून थेट ग्लास बॉटम बोटीत बसता येत असेल तर जरूर कळवा, तो पर्याय मी खुला ठेवलाय.

भर २: ज्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून अगत्तीच्या धक्क्याचे फोटो पाठवायची तयारी दाखवली, त्यांनी कृपया ओहोटीच्या वेळचे पाठवा. भरतीला होडी धक्क्याच्या बरोबरीला येते. ओहोटीला ती किती खाली जाते ते मला बघायचंय.