फितूर झाला म्हणून साक्ष कचऱ्यात जात नाही!

उलटतपासणी: काल इथे एकाने ठोकून दिलं, "साक्षीदार फितूर झाला, म्हणजे ज्यांनी बोलावलं त्यांच्याच विरुद्ध बोलला, की खटला संपला. त्यापेक्षा पोलिसांपुढचा जबाबच पुरावा धरा." दोन्ही चूक. 'फितूर' हा शब्द साक्ष अधिनियमात नाहीच. कलम 157 (जुनं 154) एवढंच म्हणतं, की कोर्टाच्या परवानगीने स्वतःच्याच साक्षीदाराला उलटतपासणीतले प्रश्न विचारता येतात. सर्वोच्च न्यायालयाचा सत पॉल विरुद्ध दिल्ली प्रशासन हा निकाल वाचा. परवानगी मिळाली म्हणून साक्ष पुसली जात नाही, पटेल तेवढा भाग घेता येतो. "मारणारा ओळखत नाही, पण भांडण माझ्या दारात झालं" यातलं दुसरं अर्धं वाक्य सरकार पक्षाच्या कामाचं असतं.

कालचा_मीच: पुस्तकी! दारात भांडण झालं हे सिद्ध करून आरोपीला शिक्षा होते का? ओळखच गेली तर उरलं काय? जबाब धरला असता तर सुटला नसता.

निशाणी_क्रमांक: त्या जबाबावर साक्षीदाराची सही तरी असते का? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 181 (जुनं 162) सही घेऊच देत नाही. हवालदाराने एकाच साच्यात लिहिलेल्या पाच जबाबांवर कुणाला आत टाकायचं?

कालचा_मीच: मग त्याच संहितेच्या 183 खाली दंडाधिकाऱ्यांपुढे घ्या. दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब आता तिथे नोंदवावाच लागतो.

उलटतपासणी: तोही स्वतंत्र पुरावा नाही. दुजोऱ्याला किंवा विसंगती दाखवायला, बस्स.

पोर्शन_मार्क: कायदा राहू द्या, मुळात कामच नीट होत नाही. परवानगी मिळाली की जबाबातलं नेमकं वाक्य साक्षीदाराला वाचून दाखवायचं. तो म्हणणार, "असं सांगितलं नव्हतं, का लिहिलं सांगता येणार नाही." त्या वाक्याला पोर्शन मार्क 'ए', म्हणजे तेवढ्या भागाला 'ए' अशी खूण, द्यायचा. पुढे तपासी अंमलदार पिंजऱ्यात आला की त्याच्याकडून वदवून घ्यायचं, "साक्षीदाराने सांगितलं तसंच लिहिलं." मगच निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, पडते. हा दुसरा टप्पा विसरला की 'ए' नुसतं अक्षर राहतं, निकालात वापरता येत नाही. आणि वगळणूक असेल, म्हणजे कोर्टात सांगितलं ते जबाबात नसेल, तर मार्क कशाला करणार? जे जबाबात नाहीच त्याला! तिथे अंमलदाराला "हे त्याने सांगितलं होतं का" एवढंच विचारायचं.

मायमराठी: आणि कोर्टातल्या साक्षीची नोंद इंग्रजीत! साक्षीदार म्हणतो "त्याचा हात लागला", कागदावर उतरतं 'त्याने मारलं'. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 312 प्रमाणे साक्षीदाराच्या भाषेत नोंद हवी.

निशाणी_क्रमांक: 312 मध्ये 'शक्य असेल तर' आहे, ते गाळू नका.

मायमराठी: ते न्यायालयाच्या भाषेहून वेगळ्या भाषेतल्या साक्षीसाठी. मराठी न्यायालयात मराठी साक्ष मराठीतच! आणि 313 प्रमाणे साक्ष वाचून दाखवायची, तेव्हा दुरुस्ती सांगायची असते. वाचन नुसतं भराभर उरकलं जातं. अर्ध्या 'विसंगती' तिथेच जन्मतात.

निशाणी_क्रमांक: विषय फितुरीचा आहे, भाषेचा नाही.

मायमराठी: 'लागला' आणि 'मारलं' यातला फरक न कळणाऱ्याने विषय शिकवू नये.

उलटतपासणी: भांडा, पण तिथे मुद्दा आहे. चुकीच्या अनुवादामुळे साक्षीदार 'फिरला' असं दिसू शकतं.

कालचा_मीच: बरं बाबा, जबाब पुरावा नाही, मान्य. पण खोटं बोलणाऱ्यावर कारवाईसाठी त्याच संहितेच्या 379 चा अर्ज कोण करतं ते सांगा. खोट्या साक्षीला सात वर्षांपर्यंतची शिक्षा फक्त कागदावर.

पोर्शन_मार्क: हे मात्र खरं बोललात. सरकारी वकील पुढच्या तारखेत अडकलेला, आणि कोर्टाला आधी असं मत बनवावं लागतं की चौकशी न्यायाच्या हिताची आहे. नुसती विसंगती पुरत नाही.

कालचा_मीच: म्हणजे शेवटी तो सुटलाच.