संगणकावर नीट दिसणारे संकेतस्थळ सर्व्हरवर चढवल्यावर का बिघडते?

मलप्रभाकाठ (खानापूर):

सर्वांना नमस्कार. कणकुंबी परिसरातील पाऊस, ओढे आणि तेथील बोलीतील शब्द यांच्या नोंदी मी एका लहानशा वैयक्तिक संकेतस्थळावर ठेवतो. बरीच पाने मराठीत आहेत आणि शेजारीपाजारी वाचतात म्हणून काही कन्नडमध्येही आहेत. पाने मी कॉम्पोझर या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करतो आणि त्यातीलच ‘पब्लिश’ बटणाने सर्व्हरवर, म्हणजे सेवादात्याच्या संगणकावर, चढवतो. माझ्या संगणकावर सर्व काही व्यवस्थित दिसते. परंतु कोल्हापूरच्या पुतणीने फोनवर पाहिले तेव्हा माउली मंदिराचे छायाचित्र दिसले नाही आणि मजकुराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ ओळीओळीने उमटलेला होता. त्यातच गेल्या आठवड्यात बेळगावातील एका झेरॉक्सच्या दुकानात बसून मी सर्व्हरवरील एक पान उतरवून दुरुस्त केले व परत चढवले. घरी येऊन नेहमीप्रमाणे पब्लिश केल्यावर ती दुरुस्ती नाहीशी झाली. माझे नेमके कोठे चुकते आहे?

तंबाखूपेठ (निपाणी):

छायाचित्राचे कारण बहुधा नावात असावे. विंडोजला फाइलच्या नावातील कॅपिटल आणि लहान अक्षरे सारखीच वाटतात, तर बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तेथे ती दोन वेगळी नावे ठरतात. अनेक कॅमेरे नावाच्या शेवटी ‘जेपीजी’ कॅपिटल अक्षरांत लिहितात आणि आपण पानात ते लहान अक्षरांत लिहितो, त्यामुळे घरी चित्र दिसते व सर्व्हरवर सापडत नाही. नावे जुळत असतील तर पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडून चित्राचा पत्ता पाहावा. तो सी ड्राइव्हपासून सुरू होत असेल, तर ते चित्र आपल्या संगणकाखेरीज कोठेही दिसणे शक्य नाही. पत्ता नेहमी त्या पानाच्या जागेपासून, म्हणजे सापेक्ष, असावा. मी स्वतः सर्व नावे लहान रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवतो. देवनागरी नावेही चालतात, पण पत्त्यात त्यांचे टक्केचिन्हांचे लांबलचक शेपूट होते.

अक्षरांचे प्रकरण अधिक रंजक आहे. यूटीएफ-८ या संकेतावलीत, म्हणजे अक्षरे संगणकात साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते आणि त्यातील पहिला बाइट जुन्या पाश्चात्त्य संकेतावलीने वाचला की नेमका तो तिरक्या रेघेचा ‘ए’ दिसतो. कन्नडचा पहिला बाइटही तोच, म्हणून आपल्या दोन्ही भाषांची गत सारखीच झाली असणार. म्हणजे फाइल खराब झालेली नाही, ती चुकीच्या संकेतावलीने वाचली जात आहे. पानाच्या अगदी वरच्या भागात, पहिल्या १०२४ बाइटांच्या आत, यूटीएफ-८ ची नोंद आहे का ते तपासावे. ती असूनही घोटाळा होत असेल तर सर्व्हर पानासोबत दुसरीच संकेतावली कळवत असावा, कारण दोघांत मतभेद झाल्यास ब्राउझर सर्व्हरचे ऐकतो. घरी फाइल थेट उघडताना मध्ये सर्व्हर नसतो, म्हणून तेथे सारे सुरळीत वाटते. सर्व्हरवर अपाची हे सॉफ्टवेअर असेल आणि सेवादात्याची परवानगी असेल, तर मुख्य फोल्डरमधील डॉट-एचटीॲक्सेस फाइलमध्ये ‘ॲडडिफॉल्टकॅरसेट यूटीएफ-८’ ही एक ओळ पुरते. टिंबाने सुरू होणारी ही फाइल एफटीपीच्या (फाइली चढवण्या-उतरवण्याच्या पद्धतीच्या) यादीत कधीकधी लपलेली असते, एवढे ध्यानात असू द्यावे.

मागावरचा (शहापूर, बेळगाव):

वरील दोन्ही निदाने मला पटतात. दुरुस्ती नाहीशी झाली तो दोष मात्र सॉफ्टवेअरचा नव्हे. घरच्या संगणकावरील फोल्डर ही मूळ प्रत आणि सर्व्हरवरील ती तिची नक्कल, असे एकदा ठरवले की वाहतूक एकाच दिशेने होते. आपण नक्कल दुरुस्त केलीत आणि घरी येऊन जुनी मूळ प्रत तिच्यावर चढवलीत. बाहेर काम करणे भागच असेल तर संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर न्यावे आणि परतल्यावर आधी घरची प्रत अद्ययावत करावी, मगच काही चढवावे. शिवाय झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर साध्या एफटीपीने जाणे मला धोक्याचे वाटते, कारण त्यात पासवर्ड उघड्या मजकुरासारखा जातो. सेवादाता एसएफटीपी ही सुरक्षित पद्धत देत असल्यास फाइली चढवण्याचे फाइलझिला हे सॉफ्टवेअर वापरावे; तो पासवर्ड आता बदललेलाच बरा.

खानापूरकडे पावसात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून चढवण्याचा क्रमही सांभाळावा. आधी चित्रे, मग शैलीची (पानांचे रंगरूप ठरवणारी) फाइल, त्यानंतर आतील पाने आणि सर्वांत शेवटी मुखपृष्ठ. मध्येच वीज गेली तरी वाचकाला जुने मुखपृष्ठ दिसत राहते. अन्यथा नवे मुखपृष्ठ असे दुवे दाखवते की ज्यांच्या मागे अजून काहीच नाही. पुन्हा जोडल्यावर दोन्हीकडील फाइलींचे आकार ताडून पाहावेत, अर्धवट चढलेली फाइल लगेच ओळखू येते.

घाटमाथा (चिकोडी):

एवढा क्रम हाताने कोण पाळणार? ड्रीमवीव्हरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सिंक्रोनाइझ’ची सोय आहे, ती बदललेल्या फाइलीच तेवढ्या चढवते. मी अनेक वर्षे तेच करतो.

मागावरचा (शहापूर, बेळगाव):

सोय चांगली आहे, परंतु ती तारीख-वेळ पाहून निर्णय घेते. आपले घड्याळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे आणि सॉफ्टवेअरने सर्व्हरची वेळ चुकीची समजून घेतली तर कोणती फाइल नवी हेच उलटे ठरू शकते. फाइलझिलात त्या सर्व्हरसाठी हा फरक भरून ठेवता येतो. तो भरलेला नसेल तर मी वेळेऐवजी आकारावर विसंबतो, आणि आकार सारखाच राहील असा एखाद्या अक्षराचा बदल असेल तर ती फाइल स्वतःच्या हाताने चढवतो.

मलप्रभाकाठ (खानापूर):

सर्वांचे आभार. पानात यूटीएफ-८ ची नोंद होतीच, दुसरी संकेतावली सर्व्हरच कळवत होता. सांगितलेली ओळ घातल्यावर मराठी व कन्नड दोन्ही पाने पुतणीच्या फोनवर वाचता आली. माउली मंदिराच्या चित्राचे ‘जेपीजी’ कॅपिटल अक्षरांत होते. मात्र नाव बदलून चढवल्यावरही तिला चित्र दिसेना, तेव्हा लक्षात आले की नाव मी फक्त चित्राचे बदलले होते आणि कन्नड पानात जुनेच नाव राहिले होते. झेरॉक्सच्या दुकानातील ती दुरुस्ती आता आठवून पुन्हा लिहावी लागेल.