डायलक्स सॉफ्टवेअरमध्ये ३७० लक्स उजेड, टेबलावर मात्र १९०. कुठे चुकलं?

अभ्यासिकावाला:
भावाच्या गाळ्यात अभ्यासिका काढलीय, हॉल ३० बाय २० फूट, एमपीएससीची पोरं बसतात. डायलक्स इव्हो हे लाइटिंग डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून व्हिडिओ बघून शिकलो, ३६ वॉटचे १२ एलईडी पॅनल बसवले, ॲव्हरेज ३७० दाखवलं, आपण खूश. आता पोरं म्हणतात सर डोळे दुखतात, लक्स मीटर मागून आणला तर रात्री टेबलावर १७०-१९०. सॉफ्टवेअर थापा मारतंय का?

वायरमन_सांगली:
आयईएस फाइल, म्हणजे पॅनल किती आणि कुठल्या दिशेला उजेड टाकतो त्या माहितीची फाइल, कुठली टाकलीस?

अभ्यासिकावाला:
लोकल पॅनल आहेत दादा, दुकानदाराकडे फाइल नव्हती. एका मोठ्या कंपनीच्या पॅनलची टाकली, वॉट तेवढेच होते ना

वायरमन_सांगली:
हाच पहिला घोळ. वॉट नाही, लुमेन बघायचे, म्हणजे पॅनल एकूण उजेड किती देतो ते. हाताने कर, कंपनीचा पॅनल वॉटला १०० लुमेन धरून १२ गुणिले ३६०० लुमेन, गुणिले ०.६ युटिलायझेशन (त्यातला टेबलाच्या उंचीवर पोचणारा भाग), गुणिले ०.८ मेंटेनन्स, भागिले ५६ चौरस मीटर, ३७० आले का? आता तुझा पॅनल वॉटला ७० लुमेनच देत असेल तर तेच गणित २६० वर येतं. आणि ते ०.८ धूळ बसून पॅनल जुना झाल्यावरचं असतं, नवीन असताना मीटरने उलट जास्त दाखवायला हवं, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास. तरी १९० येतात म्हणजे अजून कुठेतरी उजेड खाल्ला जातोय.

इंटिरियरवाली:
पार्टिशन टाकलेत का मॉडेलमध्ये? बहुतेक जण रिकाम्या हॉलचं कॅल्क्युलेशन करतात. आणि डिफॉल्टमध्ये छत ७०, भिंती ५०, जमीन २० टक्के रिफ्लेक्टन्स असतो, म्हणजे तेवढा उजेड परत फेकतात असं धरलेलं, तुमचा सनमायका कुठला रंग?

अभ्यासिकावाला:
वॉलनट, गडद तपकिरी 🙈 पार्टिशन दीड फुटी, आणि पॅनल नेमके मधल्या वाटेवर आलेत, सीलिंगवाल्याला तिथेच जागा मिळाली

इंटिरियरवाली:
मग वाट झकास उजळली असेल, पुस्तकावर पार्टिशनची सावली. पार्टिशन मॉडेलमध्ये टाका, प्रत्येक टेबलावर वेगळा कॅल्क्युलेशन सरफेस द्या, म्हणजे त्या टेबलाचे लक्स वेगळे कळतील. हॉलच्या ॲव्हरेजवर अभ्यास होत नाही हो. सीलिंग परत फोडू नका, प्रत्येक टेबलाच्या वरच्या फळीखाली छोटी एलईडी पट्टी लावा, फक्त पट्टी उघडी डोळ्यासमोर नको, डिफ्युझरवाली (उजेड पसरवणारं दुधी कव्हर असलेली) घ्या.

अभ्यासिकावाला:
आत्ता पार्टिशन टाकले, रंग बदलला, लुमेन कमी केले. ०.८ काढून १ केला तर २०५ दाखवतंय 😅 बिचाऱ्याला उगीच शिव्या दिल्या. ताई, ४२ टेबलांच्या पट्ट्या एकाच ड्रायव्हरवर (एलईडीचा पॉवर सप्लाय) चालतील की रांगेरांगेने वेगळे घेऊ?