पुरावे तपासून विश्वास बसतो का?

कळवेकर:
पेशाने ऑडिटर, व्हाउचर दिसल्याशिवाय सही करत नाही. देवाच्या बाबतीतही तेच. ऑफिसातला वसईचा मित्र म्हणाला, "मग येशूची फाईलही तपास की!" तीन महिने तेच चाललंय. रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. 116 च्या सुमारास लिहितो की यहुदियाचा रोमन सुभेदार पिलात याच्या कारकिर्दीत ख्रिस्ताला देहदंड झाला. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा, म्हणजे साक्षीदार विरुद्ध पक्षाचा! 1961 मध्ये इस्रायलमधल्या कैसरियात पिलाताचं नाव कोरलेला दगडही सापडला. इथवर टिक केली. पुनरुत्थानापाशी, म्हणजे येशू मेलेल्यातून उठला यापाशी, पेन अडलंय. कोणी यातून गेलंय का?

तलावपाळी:
मासुंदा तलाव खरा आहे, म्हणून त्यातल्या भुताची गोष्ट खरी ठरते का राव?

नेरूळची मावशी:
मी गेलेय. बायबलातलं, येशूचा प्रेषित पौल याचं करिंथकरांस पहिलं पत्र काढ, अध्याय 15. पाचशेहून अधिक जणांना येशू दिसला, त्यातले बहुतेक अजून हयात आहेत, असं तो लिहितो. तेही घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांत. म्हणजे जा, विचारा! मी तिथे अडकले. पण खरं सांगू? कवी ना. वा. टिळकांनाही आगगाडीत भेटलेल्या साहेबाने नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा भाग, दिला होता. त्यांना धरून ठेवलं ते त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने. बाप्तिस्मा 1895 मध्ये. घरात केवढं रामायण झालं!

कळवेकर:
मावशी, पाचशेंची नावं कुठेयत? यादी नसेल तर माझा शेरा 'प्रलंबित'. प्रवचन मात्र आज ठाणे-वाशी लोकलमध्ये वाचलं. ऐरोलीला उतरायचं होतं, कोपरखैरणे आलं.