गेम सुरू केला की स्क्रीन काळी

गेम सुरू केल्यावर दहा मिनिटांत स्क्रीन काळी पडते, पंखे मात्र जोरात फिरत राहतात, असं तुम्ही म्हणताय. लगेच ग्राफिक्स कार्ड गेलं असं धरू नका. माझंही अगदी असंच व्हायचं. एकाच पॉवर केबलचे दोन्ही कनेक्टर मी कार्डाला लावले होते. ८ पिनचा एक कनेक्टर १५० वॅटचा, मदरबोर्डच्या स्लॉटमधून फार तर ७५. लोड आला की सगळा ताण त्या एका केबलवर. पीएसयूपासून (म्हणजे पॉवर सप्लायपासून) दोन वेगळ्या केबल ओढल्या आणि कटकट मिटली. (एक पिन जरा काळवंडली होती, तेही बघा.) पण बायोसच्या स्क्रीनवरच (पीसी चालू होताना, विंडोजच्या आधी दिसते ती) रंगीत ठिपके, चौकोन दिसत असतील तर ड्रायव्हर बदलत बसू नका, बहुधा व्हीरॅम, म्हणजे कार्डावरची मेमरी, गेलीय. आणि दुरुस्ती म्हणून ते ओव्हनमध्ये कार्ड भाजायचे उद्योग नकोत, हात जोडतो!